पाठीला कोट, पोटाला दंव : दापोलीतल्या एका म्हाताऱ्या कुत्र्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

दापोली तालुक्यातल्या एका गावात एक निवृत्त गुरुजी आणि काकू राहतात. माणसांची नावं देत नाही, गावाचंही नाही. कुत्र्याचं नाव बदललंय, त्याला मोत्या म्हणू. मी जनावरांची डॉक्टर. त्यांच्याकडे माझं जाणं-येणं गाईमुळे सुरू झालं. पुढे गाय विकली आणि कुत्रा राहिला.

मोत्या अकरा वर्षांचा. गुरुजींचा मुलगा नोकरीला लातूरकडे होता, तिथून त्याने पिल्लू आणलेलं. आई कारवानी जातीची शिकारी कुत्री, बाप कोण ते माहीत नाही. अंगकाठी मात्र सगळी आईची: उंच पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट, अंगावर चरबी नावाला नाही, केस इतके आखूड की खालची कातडी दिसावी. देशावरच्या मोकळ्या रानात सशामागे धावायला घडलेलं हे जनावर. उन्हाला चिवट, थंडीला कच्चं. वजन चोवीस किलो.

कोकणात कसली आलीय थंडी, असं घाटावरची माणसं म्हणतात. दापोली समुद्रसपाटीपासून सातआठशे फुटांवर आहे. इंग्रजांनी इथे छावणी टाकलेली, जुनी माणसं अजूनही ‘कॅम्प’ म्हणतात. डिसेंबर-जानेवारीत इथला पहाटेचा पारा दहा-बारापर्यंत सहज उतरतो आणि त्याची काळजी कुत्र्यापेक्षा हापूसवाल्यांना जास्त असते, कारण थंडी नीट पडली तर मोहोर नीट फुटतो. गुरुजींच्या ओटीवर म्हणूनच एक थर्मामीटर टांगलेला आहे आणि त्याखाली डायरी. त्या डायरीचा मला पुढे फार उपयोग झाला.

गुरुजींचा नेम असा: पहाटे पावणेसहाला हातात काठी आणि बॅटरी, मोत्याला साखळी, घरामागच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, वर चढायचं, शेजाऱ्याच्या आंब्याच्या कलमांतून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जायचं, सूर्य उगवताना परत फिरायचं. दहा वर्षं हा नेम मोडला नव्हता.

अडचण

डिसेंबरच्या मध्यावर काकूंचा फोन आला. मोत्या सकाळी उठताना कण्हतो, मागचे पाय ताठतात, फिरून आला की थरथर कापत चुलीजवळ जाऊन बसतो. शेवटी म्हणाल्या, “आणि अगं, त्याला कोट घातला तरी कापतो.”

कोट हे नवीन होतं. गुरुजींची लेक इंग्लंडच्या उत्तरेला असते. दिवाळीत येताना तिने बॅगेतून तिथला कुत्र्याचा कोट आणला होता. बाहेरून मेण चढवलेलं जाड सुती कापड, आतून लोकरीसारखं मऊ अस्तर, पोटाखालून एक पट्टा आणि सगळीकडे वेल्क्रो. वस्तू अस्सल होती, शिवण बघत राहावी अशी. काकूंनी व्हिडिओ कॉलवर माप दिलेलं. पण ते घेताना मोत्या बसलेला होता. बसलेल्या कुत्र्याची पाठ कमानीसारखी वाकते आणि माप दोन-अडीच इंच जास्त येतं. माप कुत्रा चारी पायांवर उभा असताना घ्यायचं, गळपट्टा बसतो तिथून शेपटीच्या मुळापर्यंत. त्या दोन इंचांमुळे कोट शेपटीवर यायचा. मोत्या शौचाला बसला की काय होत असेल ते सांगायला नको.

मी गेले, तपासलं. ताप नव्हता, १०१.६ फॅरनहाइट, म्हणजे कुत्र्याला अगदी ठीक. मागच्या पायांचे स्नायू उतरलेले. कंबरेच्या सांध्याजवळून पाय मागे ताणला की तो मान वळवून माझ्या हाताकडे बघायचा. चावला नाही, नुसता बघायचा. वयाचा संधिवात. गोचिडांचा ताप आपल्याकडे इतका आहे की थरथरणारं प्रत्येक कुत्रं आधी त्या संशयाने बघावं लागतं, म्हणून रक्त काढलं. प्लेटलेट आणि मूत्रपिंड दोन्ही ठीक निघाले.

निघताना सहज विचारलं, काही औषध दिलंय का. गुरुजी जरा अवघडले. त्यांच्या गुडघ्याची गोळी होती घरात, डायक्लोफिनॅकची. दोन दिवस अर्धी अर्धी दिली होती. शी काळी होतेय, हेही त्यानंतर आठवलं.

ही गोळी माणसाला चालते, कुत्र्याच्या पोटात जखमा करते. शी काळी म्हणजे आत रक्त. (गुराढोरांसाठी तर आपल्याकडे २००६ मध्येच ती बंद झाली, तीही गिधाडांमुळे: औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरायची.) गोळी तिथल्या तिथे बंद केली, पोटाचं औषध सुरू केलं. संधिवातावर मी एरवी मेलॉक्सिकॅम दिलं असतं, पण एका वेदनाशामकावर लगेच दुसरं चढवता येत नाही. मध्ये आठवडाभर जाऊ द्यावा लागतो. म्हणजे ऐन थंडीतले सात-आठ दिवस कुत्रा दुखणं घेऊन बसणार आणि माझ्याकडे त्यावर गोळी नाही. कोटाच्या प्रश्नाला वजन आलं ते इथे. एरवी मी तो काकूंच्या हौसेवर सोडून दिला असता.

पर्याय

गुरुजींचं म्हणणं साधं होतं: एवढा महागाचा कोट आहे, तोच वापरू, हवं तर काकू मागून दोन इंच दुमडून शिवतील. काकूंच्या मते फिरणंच बंद करावं. मुलाने लातूरहून फोनवर सांगितलं की ऑनलाइन जाड कापसाचा कोट मागवतो, चार दिवसांत येईल.

फिरणं बंद करायला मी नकार दिला. संधिवाताचं जनावर बसून राहिलं की आणखी आखडतं. कमी चाला, हळू चाला, पण चाला. ऑनलाइन कोटांची अडचण अशी की त्यांचे साइज बहुतेक लॅब्राडॉर नाहीतर पग डोक्यात धरून बेतलेले असतात. कारवानीची छाती खोल आणि कंबर मुठीत मावेल अशी. छातीला बसतो तो कोट कंबरेला घोंगडीसारखा लोंबतो. शिवाय कापूस भिजला की संपलं. वेळ बदलणं हा पर्याय मीच काढला. गुरुजी गप्प बसले. दहा वर्षांचा नेम मोडा असं निवृत्त मास्तरांना सांगणं किती जड असतं, ते सांगितल्यावरच कळतं.

मग मी म्हटलं, एकदा तुमच्याबरोबर येते. फिरताना तो कसा दिसतो ते बघितल्याशिवाय मी काही सांगत नाही.

चौथ्या दिवशी पावणेसहाला त्यांच्या ओटीवर हजर झाले. थर्मामीटर साडेअकरा. खरं तर या आकड्याला धडधाकट कुत्र्याला कोटाची गरज नाही. साधारण सात अंशांच्या खाली थंडीला हळव्या कुत्र्यांची काळजी घ्यायला लागावी, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हातारं, बारीक, आखूड केसांचं जनावर त्याआधीच कुडकुडतं हे कबूल. पण साडेअकरात चुलीजवळ जाऊन कापत बसावं? काहीतरी हिशेब चुकत होता.

पाखाडी कोरडी होती. कलमांत शिरलो आणि गवत सुरू झालं. बॅटरीच्या उजेडात सगळं पांढरं दिसत होतं, पात्यापात्यावर दंव. गुडघ्याएवढं वाळलेलं गवत. त्यातून मोत्या चालला की सपसप आवाज यायचा. माझी सलवार पोटऱ्यांपर्यंत पाच मिनिटांत ओली झाली. सड्यावर पोहोचल्यावर मी वाकून कोटावर हात फिरवला. वरून कोरडा, मेणाचं काम चोख. हात खाली घातला तर पोट निथळत होतं. केस कातडीला चिकटलेले, कोपरांवरून थेंब गळत होते. छातीपाशी अस्तराची कड बाहेर यायची, तिने वातीसारखं पाणी वर ओढून घेतलेलं. खांद्यापर्यंत आतलं अस्तर थंडगार ओलं आणि त्यावरून मेणकापडाचं झाकण. हवा लागत नाही म्हणजे सुकतही नाही. कोरड्या हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब साधारण पंचवीस पट वेगाने ओढून नेतं. आम्ही त्या कुत्र्याला ओलं फडकं गुंडाळून फिरवत होतो.

कोटाचा दोष नव्हता. तो ज्या मुलखासाठी शिवलाय तिथे पाऊस वरून पडतो, थंडी दिवसभर टिकते आणि घरातून निघताना घातलेला कोट परत येईपर्यंत अंगावरच राहतो. आपल्याकडे हिवाळ्यात वरून थेंब पडत नाही. पाणी खालून येतं, गवतातून, आणि साडेआठला ऊन लागलं की पारा विशीच्या पुढे.

परत आल्यावर काकूंनी कोट काढला आणि चिमटा घेऊन ओटीवर बसल्या. “हा माझा रोजचा उद्योग.” अस्तरात कुसळं. मीही बसले त्यांच्यासोबत. एका फेरीत चाळीसच्या वर निघाली, वेल्क्रोमधली सोडून. ती तर निघतच नव्हती, त्यामुळे पट्टा धड चिकटायचाही नाही. कुसळाला मागे पीळ असतो. दंवाने ओलं झालं की पीळ सुटतो, सुकलं की परत बसतो, आणि दर वेळी टोक थोडं थोडं पुढे सरकतं. जमिनीत बी रुजावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. इथे ते मोत्याच्या बगलेत रुजत होतं. उजव्या काखेत रुपयाएवढा लाल चट्टा, दोन कुसळं कातडीत अर्धी शिरलेली. कापण्यामागे थंडीइतकाच त्यांचाही हात असणार.

आणि मग ती गोष्ट दिसली जी मी पहिल्याच दिवशी विचारायला हवी होती. काढलेला कोट बाजूला पडला, मोत्या दोन मिनिटं चुलीशी बसला आणि उठून आपल्या जागेवर गेला. ओटीवर, कोपऱ्यात, उघड्या लादीवर. ओटी पूर्वी सारवलेली होती; चार वर्षांपूर्वी मुलाने लादी बसवून दिली. मोत्या जागा बदलायला तयार नव्हता आणि ‘त्याला थंड आवडतं’ म्हणून कोणी काही अंथरलं नव्हतं. उन्हाळ्यात आवडतंच. डिसेंबरात रात्रभर लादीवर सांधे टेकवून झोपलेलं अकरा वर्षांचं कुत्रं सकाळी ताठणार नाही तर काय होणार?

काय केलं

त्याच दिवशी बारदानाची दोन पोती, मध्ये भाताचा पेंढा आणि वर काकूंची जुनी गोधडी, असं अंथरूण त्याच कोपऱ्यात टाकलं. जागा बदलली नाही, फक्त खालची लादी झाकली. पहिल्या रात्री तो अंथरुणाशेजारी लादीवरच झोपला. दुसऱ्या रात्री काकूंनी गोधडीवर गुरुजींचा वापरलेला पंचा पसरला, तेव्हा गेला.

कोटासाठी गावातल्या शिंप्यांना बोलावलं. ते शाळेचे गणवेश आणि झंपर शिवतात. पंचाहत्तरीच्या घरात असतील. ओटीवर बसून टेप काढली, मोत्याकडे बघितलं आणि म्हणाले, “गुरुजी, माणसाचा सदरा बेततो मी. याला बाह्याच चार!”

कापड कुठलं, यावर बराच खल झाला. मला बाहेरून गुळगुळीत हवं होतं, पाणी न धरणारं, कुसळ न अडकणारं. काकूंनी माळ्यावरून मोडक्या छत्र्या काढल्या. पावसाळ्यागणिक एक मोडते, कोकणातल्या कुठल्या घरात चार-पाच नसतात? छत्रीचं कापड हलकं, घट्ट विणीचं, ओलं झालं तरी झटकलं की कोरडं. आत फलालीन, पण कडेपासून दोन बोटं आत संपवलेलं, म्हणजे वातीसारखं पाणी ओढणार नाही. मोत्याला उभं करून मापं घेतली: गळा अडतीस सेंटिमीटर, छाती बहात्तर, पाठ चौसष्ट. सगळीकडे दोन बोटं सहज शिरतील एवढी ढील. काखेपाशी कापड खोल कापलं, जिथे चट्टा होता तिथे काही घासू नये म्हणून. आणि मुख्य म्हणजे पोटाला पूर्ण झाकणारी पट्टी, पुढच्या पायांमधून मागे नेऊन पाठीवर अडकवलेली. वेल्क्रो अजिबात नको. जुन्या दप्तरांचे प्लास्टिकचे चाप काढून शिंपीमामांनी तेच लावले. साखळीसाठी पाठीवर काज केलं. सड्याच्या वाटेवर बिबट्याच्या खुणा दिसतात आणि कुत्रा हा त्याचा आवडता घास आहे, त्यामुळे अंधारात मोत्याला मोकळा सोडण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिला नमुना फसला. पोटाची पट्टी मामांनी चार बोटं जास्त मागे आणली होती. माणसाचा सदरा बेतणाऱ्याच्या ध्यानात ती गोष्ट येणार कशी, आणि माझ्याही आली नाही. नर कुत्रा. पहिल्याच फेरीत, पहिल्याच खांबापाशी पट्टी भिजली. काकू हसून हसून बेजार. मामांनी पट्टी मागून अर्धगोल कापली आणि कडेला गोट मारला.

वाटेचं सांगताना मला गुरुजींशी खरा वाद घालावा लागला. कलमांतून जाऊ नका, असं माझं म्हणणं, आणि त्याला कारण नुसतं दंव नव्हतं. मोहोर फुटायला लागला होता, तुडतुड्यांसाठी फवारण्या चालू झालेल्या. झाडावर मारलेलं औषध खालच्या गवतावरही पडतं, दंवात मिसळून कुत्र्याच्या पोटाला लागतं, आणि घरी आल्यावर कुत्रा पोट चाटतो. गुरुजी म्हणाले, “दहा वर्षं जातोय, काही झालं नाही.” मी म्हटलं, दहा वर्षं त्याचं मूत्रपिंड तरुण होतं आणि पोटात जखमा नव्हत्या. थोडं लागट बोलले, पण ते चाललं. त्यांनी बागेच्या मालकाला फवारणीचे दिवस विचारून डायरीत लिहायला सुरुवात केली. पुढे स्वतःच ठरवलं की मोहोर संपेपर्यंत कलमांत पाऊल टाकायचं नाही, डांबरी रस्त्याने देवळापर्यंत जायचं.

वेळेबाबत अर्धी जीत. पावणेसहाचे पावणेसात झाले. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे घरून निघताना निदान फटफटलेलं असतं. आठपर्यंत थांबा म्हटलं तर “लोक काय म्हणतील, गुरुजी आता आठला उठतात” असं उत्तर आलं.

परिणाम

अंथरूण टाकल्यावर तिसऱ्या सकाळी मोत्या न कण्हता उठला. हे मी मुद्दाम नोंदवते, कारण तेव्हा नवा कोट शिवून व्हायचा होता आणि गोळीही सुरू झालेली नव्हती. काखेतला चट्टा आठवड्यात सुकला. आठव्या दिवशी मेलॉक्सिकॅम सुरू केलं, जेवणानंतर, पाच दिवस. पुढे गरज पडेल तेव्हाच. शी पूर्ववत झालेली. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा तो पाखाडीच्या खालच्या चार पायऱ्या स्वतःहून चढून आला.

नवा कोट ज्या कामासाठी होता ते त्याने केलं. फेरीनंतर पोट कोरडं, कुसळं दोन-तीन, तीही झटकली की जाणारी. काकूंचा चिमटा फळीवर गेला. परतल्यावर कोट उलटा करून दांडीवर टाकायचा आणि मोत्याचं पोट, काखा, बोटांच्या बेचक्या पंचाने पुसत गोचीड चाचपायची, हा नवा नेम बसला. कोटाच्या आडोशाला गोचिडांना छान ऊब मिळते, त्यामुळे त्यात हयगय नको.

एक चूक मात्र शिल्लक राहिली, ती माझी. छत्रीचं कापड काळं. जानेवारीच्या शेवटी गुरुजी एकदा देवळात गप्पांना बसले आणि नऊ वाजले. डायरीत नोंद आहे: नऊला एकवीस. सावलीत एकवीस, उन्हात काळ्या कापडाखाली किती असेल कोण जाणे. मोत्या जीभ बाहेर काढून धापा टाकत परतला. कुत्र्याला घाम येतो तो पंज्यांपुरता, बाकी उष्णता मुख्यतः जिभेवाटे बाहेर टाकायची. आणि गुंडाळलेलं पोट म्हणजे अंग गार करायची उरलेली जागाही बंद. तेव्हापासून ऊन अंगावर आलं की कोट काढून खांद्यावर टाकायचा, असं ठरलं.

आज हेच प्रकरण पुन्हा आलं तर

पहिल्या भेटीत दोन प्रश्न आधी विचारेन: झोपतो कुठे, आणि घरातली कुठली गोळी दिलीत. दोन्ही मी उशिरा विचारले. गोळीचं निदान निघता निघता तरी विचारलं. लादी तर चौथ्या दिवशी योगायोगाने दिसली. अंथरूण पहिल्या दिवशी टाकलं असतं तर कदाचित कोटाची एवढी घाई लागलीच नसती. मग कोट करायला नको होता का? माझ्या मते करायलाच हवा होता, गुरुजी पहाटे गवतात जाणार असतील तर. ते आधीच डांबरी रस्त्याने जायला तयार झाले असते, तर साधं पाठीवरचं फलालीन पुरलं असतं आणि शिंपीमामांचे दोन दिवस वाचले असते. पण वाट बदलायची तयारी पोट भिजतंय हे हाताने बघितल्यावर आली. आधी सांगून आली नसती.

कापड फिकट घेईन. काकूंकडे एक पिवळी छत्रीही होती, पण “मेलं ते कसं दिसेल” म्हणून ती परत माळ्यावर गेली. पिवळं उन्हात कमी तापलं असतं आणि अंधारात दिसलंही असतं. आता काळ्या कोटावर दप्तराची चमकणारी पट्टी शिवून घेतली आहे.

इंग्लंडचा कोट कपाटात आहे. मेणकापड साबणाने धुवायचं नाही, मेण उतरतं. आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी चढू नये म्हणून काकूंनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून कापराच्या वड्या घालून ठेवलाय. रविवारी संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा पाच मिनिटं बाहेर निघतो. पंखा लावतात, मोत्याला चढवतात, तो कॅमेऱ्याकडे न बघता दाराकडे बघत उभा राहतो. लेक विचारते, “बसला ना गं नीट?” काकू मागचे दोन इंच हाताने दुमडून धरतात आणि म्हणतात, “अगदी.”